लशीनंतरचे एकवीस दिवस मोजताना

रोटाव्हायरसची लस तोंडावाटे देतात. रोटावॅक असेल तर पाच थेंब, पुण्यात तयार होणारी, पूड कालवून द्यायची रोटासिल असेल तर अडीच मिलिलिटर. बाळ सहा आठवड्यांचं, दहा आठवड्यांचं आणि चौदा आठवड्यांचं झालं की पोलिओ आणि पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस) यांच्यासोबत हिचे तीन डोस होतात. आपल्याकडे ही लस २०१६ मध्ये आंध्र प्रदेश, हरियाणा, हिमाचल प्रदेश आणि ओडिशा या चार राज्यांत सुरू झाली आणि २०१९ मध्ये देशभर पोचली. त्याआधी या एका विषाणूच्या जुलाबांनी देशात वर्षाला सुमारे ७८ हजार मुलं दगावत होती, असा अंदाज आहे. लस काय वाचवते हे त्या आकड्यावरून कळतं. पण विद्यापीठात बसून लशीच्या परिणामांची आकडेमोड करणाऱ्याकडे बहुतेक वेळा दुसरा प्रश्न येतो: हिच्यामुळे काही बिघडतंय का?

रोटाच्या बाबतीत हा प्रश्न हवेतला नाही. अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये रोटाशील्ड नावाच्या लशीला परवानगी मिळाली. जुलै १९९९ मध्ये ती देणं थांबवायला सांगितलं गेलं आणि ऑक्टोबरमध्ये ती बाजारातून गेली. कारण होतं इंटससेप्शन. सदऱ्याची बाही काढताना अर्धी उलटून आत ओढली जावी, तसा आतड्याचा एक भाग पुढच्या भागात सरकतो. तिथला रक्तपुरवठा दाबला जातो. बाळ थांबून थांबून कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, उलट्या करतं, मग शीतून रक्त आणि शेंब पडते. वेळेत आणलं तर हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने आतडं मागे ढकलता येतं, उशीर झाला तर ऑपरेशन. रोटाशील्डमुळे असं होण्याचं प्रमाण दहा हजार बाळांत साधारण एक एवढं निघालं आणि धोका मुख्यतः पहिल्या डोसनंतरच्या तिसऱ्या ते चौदाव्या दिवसात एकवटलेला होता. म्हणून त्यानंतरच्या प्रत्येक रोटा लशीला हाच प्रश्न विचारला जातो, आणि तो विचारलाच पाहिजे.

अडचण अशी की इंटससेप्शन लशीशिवायही होतं. चार ते सहा महिन्यांच्या बाळांत ते सगळ्यात जास्त दिसतं. लस दीड ते साडेतीन महिन्यांच्या दरम्यान दिली जाते, ती नेमकी हे प्रमाण चढायला लागतं त्या वयात. म्हणजे काही बाळांना लशीनंतर इंटससेप्शन होणार हे आधीच ठरलेलं आहे. प्रश्न आहे तो योगायोगाने होईल त्यापेक्षा जास्त होतंय का, हा.

लस घेतलेली आणि न घेतलेली बाळं शेजारी ठेवून तुलना करावी, हे पहिल्यांदा सुचतं. ते इथे चालत नाही. जिथे बहुतेक बाळांना लस मिळते, तिथे न मिळालेली उरलेली बाळं वेगळ्या घरांतली असतात. ऊसतोडीला दिवाळीच्या सुमारास बीडहून बाहेर पडलेल्या कुटुंबातलं बाळ घ्या. त्याचा दुसरा डोस चुकतो, आणि पोटात दुखलं तर ते मोठ्या रुग्णालयात पोचण्याची शक्यताही तितकीच कमी. लस नाही आणि नोंदही नाही. अशा बाळांशी तुलना केली तर लस घेतलेल्यांतच आजार जास्त दिसेल, आणि तो फरक लशीचा नसून रुग्णालयाच्या अंतराचा असेल.

म्हणून इथे वापरतात ती पद्धत वेगळी आहे. पॅडी फॅरिंग्टन या संख्याशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये ती मांडली: सेल्फ कंट्रोल्ड केस सिरीज, थोडक्यात एससीसीएस. हिच्यात फक्त आजार झालेली बाळं घ्यायची आणि प्रत्येक बाळाची तुलना त्याच्याशीच करायची. लशीनंतरच्या एकवीस दिवसांत आजार झाला, की त्याच बाळाच्या बाकीच्या दिवसांत? घर, गरिबी, आईचं शिक्षण, रुग्णालयाचं अंतर, बाळाची मूळ प्रकृती, जे जे त्या वर्षभरात बदलत नाही ते सगळं दोन्ही बाजूंना सारखंच असल्याने आपोआप कटतं. एवढ्या साध्या कल्पनेत इतकं बळ असलेल्या पद्धती फार नाहीत. मात्र ती एका गोष्टीवर उभी आहे, तारखांवर. जन्मतारीख, तीन डोसांच्या तीन तारखा आणि आजाराच्या सुरुवातीची तारीख. या पाच तारखांतली एक जरी चुकली तरी पुढचं सगळं गणित अगदी नीटनेटकं दिसत चुकतं.

तारखा येतात त्या माता व बाल संरक्षण कार्डाच्या फोटोवरून. रुग्णालयातली संशोधन परिचारिका आईकडचं कार्ड टेबलावर ठेवून मोबाईलने फोटो काढते. लसीकरणाच्या पानावरची चौकट करंगळीच्या नखाएवढी, त्यात एएनएमने, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेने, बॉलपेनने घाईघाईत लिहिलेली तारीख, वर तेलाचा डाग, मध्ये घडी. आपल्याकडे ती कधी देवनागरी आकड्यांत असते, कधी इंग्रजी, कधी दोन्हींची मिसळ. देवनागरी ४ हा मराठी न वाचणाऱ्या डेटा ऑपरेटरला इंग्रजी आठ वाटतो. घाईत लिहिलेला १ आणि ९ यांत फरक फक्त शेपटीच्या वळणाचा. इंग्रजी एक आणि सातही तसेच.

एक बाळ जवळून बघू. समजा जन्म ३० जानेवारी २०१८, पहिला डोस कार्डावर १४/३/२०१८, आणि रडणं-उलट्या २५ मार्चला सुरू झाल्या. डोसपासून अकरावा दिवस. धोक्याचा काळ आपण दोन भागांत मोजतो, पहिला ते सातवा दिवस आणि आठवा ते एकविसावा दिवस. हे बाळ दुसऱ्या भागात पडतं. आता १४ मधला ४ आठ म्हणून वाचला गेला तर डोस १८ मार्चचा होतो, आजार सातव्या दिवसाचा होतो, आणि बाळ पहिल्या भागात जाऊन बसतं. संगणकाला यात काहीच खटकत नाही. १८ मार्च ही वैध तारीख आहे, बाळ तेव्हा ४७ दिवसांचं आहे, सहा आठवडे पूर्ण झालेले आहेत. तपासणीचे नेहमीचे सगळे नियम ही तारीख सुखाने पार करते.

ती पकडली जाते वारावरून. उपकेंद्रावर लसीकरणाचा वार ठरलेला असतो. १४ मार्च २०१८ ला बुधवार होता, १८ मार्चला रविवार. म्हणून प्रत्येक केंद्राच्या डोसच्या तारखांचा वारानुसार तक्ता काढायचा. ज्या केंद्राच्या सगळ्या तारखा बुधवारच्या आहेत आणि दोन-तीनच रविवारच्या, त्या दोन-तीन कार्डांचे फोटो पुन्हा उघडायचे. या एका तक्त्याला पंधरा मिनिटं लागतात आणि वैधतेच्या डझनभर नियमांनी न सापडलेल्या चुका त्यात सापडतात. रविवार दिसला म्हणून तारीख आपणच बदलून बुधवार करायची नाही. फोटो बघायचा, तरी वाचता येत नसेल तर केंद्राच्या लसीकरण रजिस्टरमधून खात्री करायची, आणि तीही होत नसेल तर तारीख 'अस्पष्ट' अशी नोंदवून ठेवायची.

दुसरी मोठी गडबड एक्सेलची. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर ०७/०३/२०१८ असं टाइप केलेलं ७ मार्च गुपचूप ३ जुलै होतं. ११८ दिवसांचा फरक. दिवस तेरा किंवा त्यापुढचा असेल तर एक्सेलला ती तारीख समजत नाही, म्हणून ती मजकूर म्हणून राहते. एकाच रकान्यात काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर हेच झालंय असं समजावं. उजवीकडच्या सगळ्याच तारखा संशयित, कारण त्यांतल्या कुठल्या उलटल्या आणि कुठल्या मुळातच तशा टाइप झाल्या हे नंतर सांगता येत नाही. शिवाय काही फाइलींत तारखेच्या जागी ४३१०१ असा आकडा येतो. तो १ जानेवारी २०१८ आहे, एक्सेलच्या मोजणीनुसार. पण फाइल जुन्या मॅकवर तयार झालेली असेल तर तिथली मोजणी १९०४ पासून सुरू होते आणि तोच आकडा २ जानेवारी २०२२ ठरतो. फरक नेमका १४६२ दिवसांचा. एका केंद्राची सगळी बाळं चार वर्षं पुढे जन्मलेली दिसली तर कारण हे असतं. उपाय एकच: नोंद करतानाच दिवस, महिना आणि वर्ष असे तीन वेगळे रकाने ठेवायचे, महिना यादीतून निवडायला लावायचा, आणि तारीख आपल्या कोडमध्ये जोडायची. रेडकॅपसारखी नोंदप्रणाली असेल तर हा त्रास बराच कमी होतो, पण रुग्णालयं शेवटी एक्सेलच पाठवतात.

जन्मतारखेचं दुखणं निराळं. केसपेपरवर 'वय ४ महिने' एवढंच असतं, मग कोणीतरी भरतीच्या तारखेतून चार महिने वजा करून जन्मतारीख लिहितं. अशा अंदाजी तारखा १ आणि १५ या दिवसांवर ढिगाने साचतात. महिन्याच्या दिवसाचा आलेख काढला की ते दोन उंच खांब लगेच दिसतात. जन्मतारीख नेहमी कार्डावरून किंवा जन्मदाखल्यावरून घ्यावी. वय हा या अभ्यासाचा कणा आहे, ते कसं ते पुढे येतंच.

आणि आजाराची तारीख म्हणजे भरतीची तारीख नव्हे. बाळाला पहिल्यांदा त्रास सुरू झाला तो दिवस हवा. गावातला डॉक्टर, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि मग मेडिकल कॉलेज असा प्रवास होईपर्यंत दोन-तीन दिवस सहज जातात. शहरातलं बाळ त्याच दिवशी भरती होतं. भरतीची तारीख वापरली तर खेड्यातली बाळं खिडकीच्या, म्हणजे डोसनंतरच्या त्या धोक्याच्या काळाच्या, बाहेर सरकतात आणि शहरातली आत राहतात. याच प्रवासामुळे एक बाळ दोन रुग्णालयांच्या यादीत दोनदाही येतं. त्या वयात नाव ठेवलेलं असतंच असं नाही, नोंद 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव अशी असते. आईचं नाव एका ठिकाणी दीपाली, दुसऱ्या ठिकाणी दिपाली, तिसऱ्या ठिकाणी माहेरचं आडनाव लावून. जोड्या लावताना आईचं नाव, बाळाचं लिंग, जन्मतारीख आणि मोबाइलचे शेवटचे चार अंक यांपैकी तीन जुळले की हाताने बघायचं. केवळ नावावर विसंबून जोडणी केली तर एक आजार दोन होतात. एकदा बरं झालेल्या बाळाला पुन्हा इंटससेप्शन झालं तरी पहिलीच घटना मोजायची, कारण दुसरी पहिलीपासून स्वतंत्र नसते.

आजार खरंच इंटससेप्शन होता का, हे डॉक्टर ठरवतात, विश्लेषक नाही. त्यासाठी ब्रायटन निकष आहेत, लशीनंतरचे आजार सगळीकडे एकाच मापाने ओळखण्यासाठी ठरवलेले. ऑपरेशनमध्ये दिसलं, दाबाच्या तपासणीत दिसलं, किंवा सोनोग्राफीत दिसलं आणि उपचारानंतर पुन्हा केलेल्या सोनोग्राफीत गेलेलं दिसलं, तर ती पहिल्या पातळीची खात्री. विश्लेषकाने एवढंच बघायचं की ही पातळी ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या हातात लसीकरणाचं पान पडलेलं नाही. लस तीन दिवसांपूर्वीच झाली आहे हे माहीत असलं की संदिग्ध सोनोग्राफीकडे बघण्याची नजर बदलते. उलट बाजूनेही तेच. कार्डावरची अस्पष्ट तारीख वाचणाऱ्याला आजाराची तारीख माहीत नसावी.

आता गणित. निरीक्षणाचा काळ धरू बाळाच्या २८ व्या दिवसापासून ३६५ व्या दिवसापर्यंत. दोन्ही टोकं धरून ३३८ दिवस. समजा एका बाळाला ४५, ७६ आणि १०८ व्या दिवशी डोस मिळाले. प्रत्येक डोसनंतरचे एकवीस दिवस म्हणजे ४६ ते ६६, ७७ ते ९७ आणि १०९ ते १२९. एकूण ६३ दिवस. डोसचा दिवस शून्यावा. तो धोक्याच्या काळात धरायचा नाही आणि तुलनेच्या काळातही नाही, त्याला वेगळं नाव द्यायचं. त्या दिवशी त्रास डोसच्या आधी सुरू झाला की नंतर हे कळत नाही, आणि लशीतला विषाणू आतड्यात वाढायला दिवस लागतात.

६३ ला ३३८ ने भागलं की जवळजवळ १९ टक्के. आजार वर्षभर सारख्याच दराने होत असता आणि लशीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसता, तरी अशा शंभर बाळांतली एकोणीस 'लशीनंतर तीन आठवड्यांच्या आत' आजारी पडलेली दिसली असती. पत्रकाराला, आमदाराला किंवा घाबरलेल्या आजोबांना समजावताना हा एक आकडा सगळ्यात उपयोगी पडतो.

पण आजार सारख्या दराने होत नाही, आणि इथेच बरेच नवखे विश्लेषक घसरतात. समजावण्यापुरते सोपे भार घेऊ. २८ ते ८९ दिवस या वयात रोजचा दर १, ९० ते २०९ दिवसांत ४, आणि २१० ते ३६५ मध्ये २. एकूण भार ६२ अधिक ४८० अधिक ३१२, म्हणजे ८५४. लस पूर्णपणे निर्दोष आहे असं धरलं तरी हजार आजारी बाळांपैकी पहिल्या डोसच्या खिडकीत पडतील २५, दुसऱ्याच्या ५३ आणि तिसऱ्याच्या ९८. वयाकडे दुर्लक्ष करून सपाट हिशेब केला तर प्रत्येक खिडकीत अपेक्षा ६२ ची. मग काय दिसेल? पहिला डोस आजार ०.४ पटीवर आणतो, जणू त्यापासून संरक्षणच देतो. तिसरा डोस १.६ पट धोका देतो. दोन्ही निष्कर्ष खोटे. लस जागेवर आहे, बाळ फक्त मोठं झालं.

म्हणून वयाचे बारीक तुकडे पाडायचे, चौदा-चौदा दिवसांचे. प्रत्येक बाळाचे ३३८ दिवस वयाच्या सीमांवर आणि डोसच्या सीमांवर कापायचे. तीन डोस झालेल्या बाळाचे पस्तीसेक तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याची एक ओळ: बाळाचा क्रमांक, वयोगट, कुठली खिडकी, किती दिवस, आणि घटना ० की १. मग बाळाच्या क्रमांकावर सशर्त पॉयसन मॉडेल (घटनांच्या मोजणीसाठीचं संख्याशास्त्रीय मॉडेल), दिवसांचा लॉगॅरिथम ऑफसेट म्हणून, म्हणजे तुकडा किती लांब आहे हे हिशेबात येतं. आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी एससीसीएस नावाचं पॅकेजच आहे, स्टाटा या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एक्सटीपॉयसन ही आज्ञा चालते. मॉडेल चालवणं ही चार ओळींची गोष्ट आहे. तुकडे बरोबर पडलेत का हे तपासणं म्हणजे खरं काम.

दोन तपासण्या न चुकता करायच्या. प्रत्येक बाळाच्या सगळ्या तुकड्यांच्या दिवसांची बेरीज शेवटचा दिवस वजा पहिला दिवस अधिक एक एवढीच यायला हवी. तो 'अधिक एक' विसरला की प्रत्येक तुकडा एक दिवसाने आखूड होतो, आणि सात दिवसांच्या खिडकीत एक दिवस म्हणजे चौदा टक्के. आणि प्रत्येक बाळाच्या घटनांची बेरीज एकच हवी. शून्य आली तर घटना दोन तुकड्यांच्या फटीत पडली आहे, दोन आली तर सीमेवरचा दिवस दोन्हीकडे धरला गेलाय. ज्या बाळाचं ३६५ दिवस वय होण्याआधीच अभ्यास संपला, त्याचा शेवटचा दिवस अभ्यासाचा शेवटचा दिवस. तिथेही ३६५ टाकून मोकळं होण्याची चूक सर्रास होते.

लस न मिळालेली बाळं फाइलीतून काढून टाकायची नाहीत. त्यांच्याकडून लशीबद्दल काही कळत नाही हे खरं, पण लशीशिवाय आजार कुठल्या वयात होतो हे तीच सांगतात, आणि वरच्या हिशेबात तेच सगळ्यात महत्त्वाचं होतं. मात्र कार्ड न सापडलेलं बाळ म्हणजे लस न मिळालेलं बाळ नाही. पेंटाची तारीख आहे म्हणून रोटाही त्याच दिवशी झाली असेल, असं धरणंही चूक. लस नव्याने सुरू झाली त्या महिन्यांत आणि साठा संपला त्या महिन्यांत पेंटा मिळालेल्या कितीतरी बाळांना रोटा मिळालेली नसते. तीन वेगळी चिन्हं ठेवावीत: मिळाली, मिळाली नाही, माहीत नाही.

एक पेच असा आहे की तो फाइल कितीही स्वच्छ असली तरी सुटत नाही. इंटससेप्शन झालेल्या बाळाला रोटाचे पुढचे डोस देत नाहीत, देऊही नयेत. पण एससीसीएसचं गृहीतक असं की आजारामुळे पुढच्या लशीवर परिणाम होऊ नये. इथे तो होतो. ज्या बाळांचे तिन्ही डोस झालेले दिसतात, त्या सगळ्यांना तिसऱ्या डोसच्या आधी आजार झालेला नव्हता. म्हणजे डोसच्या आधीचा काळ कृत्रिमरीत्या निर्धोक दिसतो आणि त्याच्या तुलनेत डोसनंतरचा काळ धोकादायक. चूक लशीच्या विरोधात झुकते. यासाठी फॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनीच २००९ मध्ये सुधारित पद्धत दिली, ती वरच्याच पॅकेजमध्ये आहे. पहिल्या डोसपुरतं बघायचं असेल तर निरीक्षण डोसच्या दिवसापासूनच सुरू करणं हा साधा मार्ग. दोन्ही रीतींनी उत्तर काढून शेजारी ठेवावं. ती फार वेगळी आली तर अहवाल लिहिण्याआधी कारण शोधावं.

मग येतो आकडे किती छोटे आहेत याचा प्रश्न. भारतात एप्रिल २०१६ ते जून २०१९ या काळात २७ रुग्णालयांत हाच अभ्यास झाला, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. इंटससेप्शनची ९७० बाळं नोंदली गेली आणि २८ ते ३६५ दिवस वयाची ५८९ विश्लेषणात आली. तीन वर्षांची मेहनत. आपल्या वरच्या सोप्या भारांनी हिशेब केला तर अशा ५८९ बाळांपैकी पहिल्या डोसनंतरच्या पहिल्या सात दिवसांत योगायोगाने पडावीत जेमतेम पाच. रोटाशील्डच्या अनुभवामुळे सगळ्यांचं लक्ष असतं ते नेमकं या सात दिवसांकडे, आणि तिथे उभी असतात पाच बाळं! एक तारीख इकडची तिकडे झाली, १४ चा १८ झाला, की पाचाची सहा होतात. त्या अभ्यासात या खिडकीचं सापेक्ष प्रमाण ०.८३ आलं, म्हणजे बाकीच्या दिवसांच्या दराच्या ०.८३ पट, आणि ९५ टक्के विश्वासाची मर्यादा, म्हणजे खरा आकडा जिच्या आत असण्याची दाट शक्यता ती, ० ते ३.००. पहिल्या डोसनंतर धोका वाढल्याचं दिसलं नाही, हा त्याचा अर्थ. 'धोका शून्य असल्याचं सिद्ध झालं' असं मात्र ते वाक्य म्हणत नाही, आणि बातमीत तसं छापून येऊ देऊ नये. वरची मर्यादा तीन आहे हे त्याच ओळीत, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिलं पाहिजे. त्याचबरोबर हेही लिहायला हवं की मुळात क्वचित होणाऱ्या आजाराची एका आठवड्यापुरती तिप्पट म्हणजे किती बाळं. पट आणि संख्या एकत्र वाचल्याशिवाय आईवडिलांना काहीच ठरवता येत नाही. इतर देशांत वापरात असलेल्या रोटा लशींचा जादा धोका २० हजार ते एक लाख बाळांमागे एक इतका मोजला गेलाय, आणि तरीही त्या लशी चालू आहेत, कारण दुसऱ्या पारड्यात जुलाबांचे मृत्यू आहेत.

निकाल प्रत्येक रुग्णालयाला वेगळा पाठवण्याची मागणी होते. एका रुग्णालयात एका खिडकीत एक-दोनच बाळं असतील तर तो तक्ता बाहेर देऊ नये. तालुका, जन्ममहिना आणि आजार एवढ्यावरून गावात बाळ ओळखलं जातं. या पद्धतीचा एक फायदा असा की विश्लेषणाच्या फाइलीत खऱ्या तारखा लागतच नाहीत. जन्मापासूनचे दिवस पुरतात: डोस ४३ व्या दिवशी, आजार ५४ व्या दिवशी. तारखा आणि नावांची मूळ फाइल कुलूपबंद वेगळी ठेवायची आणि रोजचं काम दिवसांच्या फाइलीवर करायचं. फक्त वारांचा तक्ता आणि ऋतूचा परिणाम बघायचा तेवढ्यापुरतं मूळ फाइलीकडे जायचं.

मुख्य निकाल उघडण्याआधी एक काम उरतं. कोडने सगळ्या बाळांपैकी अशांची यादी काढायची, ज्यांची घटना कुठल्यातरी खिडकीच्या सीमेपासून दोन दिवसांच्या आत आहे: शून्यावा दिवस, सातवा-आठवा, एकविसावा-बाविसावा. यादीत फक्त बाळाचा क्रमांक द्यायचा, घटना सीमेच्या कुठल्या बाजूला आहे ते नाही. त्यांत तेवढीच इतर बाळं सरमिसळ करायची, म्हणजे कोणाची तारीख महत्त्वाची आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही. मग ही कार्डं आधी न पाहिलेली नवी व्यक्ती, शक्यतो देवनागरी आकडे लहानपणापासून वाचणारी, त्या कार्डांचे फोटो मोठे करून तारखा पहिल्यापासून लिहून काढते. ज्या जुळत नाहीत त्यांच्यासाठी केंद्राला फोन जातो आणि एएनएम रजिस्टरचं पान उघडून वाचून दाखवते. प्रत्येक बदल जुनी तारीख, नवी तारीख, पुरावा आणि बदलणाऱ्याचं नाव अशा चार रकान्यांत उतरवायचा. ती वही बंद झाली की फाइल गोठवायची, आणि मगच मॉडेल चालवायचं.